आयएसओ फाइलमधून सॉफ्टवेअर कसं टाकायचं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह येणं बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण सीडीच्या काळातली एक गोष्ट अजून टिकून आहे. कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) डाउनलोड करा, मायक्रोसॉफ्ट ऑफिसचा ऑफलाइन इन्स्टॉलर घ्या किंवा सोसायटीच्या हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर कुणाकडून मागवा, हातात येते ती एक भलीमोठी फाइल. नावाच्या शेवटी आयएसओ, आयएमजी नाहीतर डीएमजी असं काहीतरी असतं. डबल क्लिक केलं की कधी भलतीच खिडकी उघडते, कधी काहीच होत नाही. मग नेटवर शोधाशोध करून माणूस 'फ्री आयएसओ ओपनर' नावाचं काहीतरी कॉम्प्युटरमध्ये टाकतो, आणि त्याच्या मागून जाहिरातींचं लचांड येतं. विंडोज 8 किंवा त्यानंतरचं विंडोज असेल तर यातल्या कशाचीच गरज नाही. 2012 पासून विंडोजला ही फाइल स्वतःच उघडता येते.

हा लेख मुख्यतः विंडोज वापरणाऱ्यांसाठी आहे. मॅक आणि लिनक्सवाल्यांचं काम सोपं असल्यामुळे त्यांच्यासाठी पुढे थोडक्यात सांगितलं आहे.

ही फाइल म्हणजे नेमकं काय

आयएसओ म्हणजे एका अख्ख्या सीडी किंवा डीव्हीडीची झेरॉक्स. डिस्कवर कोणत्या फोल्डरमध्ये काय होतं, कोणती फाइल कुठे बसली होती, कॉम्प्युटर त्या डिस्कवरून सुरू होऊ शकत होता की नाही, हे सगळं जसंच्या तसं एका फाइलमध्ये उतरवलेलं असतं. सीडीवर फाइली कशा मांडायच्या याचा आयएसओ 9660 नावाचा आंतरराष्ट्रीय मानक 1988 साली आला, त्याच्यावरून हे नाव पडलं. पुढे डीव्हीडीसाठी यूडीएफ नावाची दुसरी मांडणी आली, तरी फाइलीचं नाव आयएसओच राहिलं.

आकारावरूनही अंदाज येतो. सीडी साधारण 700 एमबीची, एका थराची डीव्हीडी 4.7 जीबीची आणि दोन थरांची 8.5 जीबीची. पाचशे-सहाशे एमबीची आयएसओ दिसली तर मूळ चीज बहुधा सीडी असते. आजच्या विंडोज 11 किंवा उबुंटूच्या (लिनक्सचाच एक प्रकार) आयएसओ पाच जीबीच्या पुढे जातात. त्या कुठल्याच डिस्कवर छापण्यासाठी केलेल्या नाहीत, फक्त पद्धत तीच राहिली आहे.

आयएमजी हा जवळचा भाऊ. मायक्रोसॉफ्टकडून ऑफिसचा ऑफलाइन इन्स्टॉलर घेतला तर तो आयएमजी फाइल म्हणूनच मिळतो, आणि विंडोज त्यालाही आयएसओसारखंच उघडतं. डीएमजी हा अॅपलचा प्रकार. तो विंडोजवर डाउनलोड केला असेल तर चुकीच्या बटणावर क्लिक झालं आहे, परत जाऊन विंडोजची फाइल घ्या.

सुरुवातीला नावाचा शेवटचा भाग दिसतोय ना, ते बघा. विंडोज तो सहसा लपवून ठेवतं. विंडोज 11 मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडून वर 'व्ह्यू', मग 'शो', मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' वर खूण करा. विंडोज 10 मध्ये 'व्ह्यू' टॅबमध्येच चौकोन आहे. हे एकदा करून ठेवलं की सुरक्षेच्या दृष्टीनेही बरं, कारण पुढे सांगितलेले बरेच धोके नाव लपलेलं असण्यावरच पोसतात.

हात लावण्याआधी ठरवा: आत काय आहे

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडं थांबून वाचा. आयएसओ दोन कामांसाठी येते.

पहिलं काम: आत एखादं सॉफ्टवेअर आहे, जे चालू विंडोजमध्ये टाकायचं आहे. ऑफिस, प्रिंटरचे ड्रायव्हर, अकाउंटिंगचा प्रोग्रॅम, जुना शब्दकोश, डीटीपीचं पॅकेज. अशा वेळी फाइल 'माउंट' करायची, म्हणजे विंडोजला सांगायचं की ही खरीच डिस्क आहे असं समज.

दुसरं काम: आत अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम आहे, म्हणजे विंडोज, उबुंटू, लिनक्स मिंट. कॉम्प्युटर त्या डिस्कवरून सुरू करायचा असतो. इथे बूट होणारा पेनड्राइव्ह बनवावा लागतो. आयएसओ फाइल नुसती कॉपी करून पेनड्राइव्हवर टाकली तर कॉम्प्युटर त्यावरून कधीच सुरू होणार नाही. विंडोजच्या आयएसओला मात्र एक अपवाद आहे: चालू विंडोज अपग्रेड करायचं असेल तर तीच आयएसओ माउंट करून आतली सेटअप फाइल चालवता येते, पेनड्राइव्ह लागत नाही.

दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. आधी माउंटचा रस्ता.

डाउनलोड कुठून, आणि आलेली फाइल धड आहे का

फाइल बनवणाऱ्याच्याच साइटवरून घ्या. विंडोजची मायक्रोसॉफ्टकडून, उबुंटूची उबुंटूकडून. टेलिग्रामच्या चॅनेलवरून किंवा मित्राच्या मित्राच्या ड्राइव्हवरून आलेली 'सगळं आधीच अॅक्टिवेट केलेली' आयएसओ घेऊ नका. आत काय घुसवलं आहे ते तुम्हाला दिसणार नाही, आणि तोच कॉम्प्युटर उद्या बँकेच्या व्यवहाराला वापरला जाणार असतो. सोबत 'अँटिव्हायरस बंद करून मगच सेटअप चालवा' अशी सूचना असेल तर फाइल तिथल्या तिथे डिलीट करा.

मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबी डेटावर पाच-सहा जीबीची फाइल एका बैठकीत येणार नाही. घरी ब्रॉडबँड नसेल तर कॉलेजच्या लॅबमधून किंवा ओळखीच्या ऑफिसातून पेनड्राइव्हवर आणणं हा मुंबईत सर्रास चालणारा मार्ग आहे, आणि त्यात काही गैर नाही. फक्त एक अडचण हमखास येते. पेनड्राइव्ह एफएटी32 या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही. 32 जीबीचा पेनड्राइव्ह पूर्ण मोकळा असला तरी विंडोज म्हणतं, फाइल फार मोठी आहे. पेनड्राइव्ह खराब झालेला नसतो. त्यावरचं सगळं दुसरीकडे काढून ठेवा, पेनड्राइव्हवर राइट क्लिक, 'फॉरमॅट', आणि 'फाइल सिस्टिम'मध्ये 'एक्सएफएटी' निवडा. आता मोठी फाइल बसेल.

पेनड्राइव्ह विकत घेताना चांगल्या दुकानातून, बिलासकट घ्या. स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर अगदी स्वस्तात मिळणाऱ्या मोठ्या क्षमतेच्या पेनड्राइव्हमध्ये आतली खरी जागा पुष्कळ कमी असू शकते. अशावर आयएसओ कॉपी झाल्यासारखी दिसते आणि उघडताना तुटलेली निघते. संशय असेल तर 'एच2टेस्टडब्ल्यू' नावाचं छोटं मोफत टूल पूर्ण पेनड्राइव्ह लिहून आणि परत वाचून खरी क्षमता सांगतं.

फाइल आली की ती पूर्ण आणि अस्सल आहे का हे तपासा. हे काम लोक टाळतात, पण दोन मिनिटांत होतं. नीट चालणाऱ्या साइट्स डाउनलोडजवळ एसएचए-256 नावाची 64 अक्षरांची एक ओळ देतात. ती त्या फाइलीची ओळख असते. आत एक बाइट जरी बदलला तरी ही ओळ पूर्ण बदलते. तुमच्याकडच्या फाइलीची ओळ काढायला 7-झिप हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. ते टाकल्यावर आयएसओवर राइट क्लिक करा, 'सीआरसी एसएचए' मेन्यूत 'एसएचए-256' निवडा. विंडोज 11 मध्ये आधी 'शो मोअर ऑप्शन्स' दाबावं लागतं. थोड्या वेळाने ओळ दिसेल. ती साइटवरच्या ओळीशी ताडून बघा. सगळी 64 अक्षरं डोळ्यांनी वाचत बसू नका. एक ओळ नोटपॅडमध्ये पेस्ट करा आणि दुसरी 'फाइंड'मध्ये टाकून शोधा.

हे एवढं कशाला, असं वाटत असेल तर फेब्रुवारी 2016 मधली गोष्ट ध्यानात घ्या. लिनक्स मिंटची साइट हॅक झाली आणि डाउनलोडची लिंक मागच्या दाराने शिरकाव करणाऱ्या आयएसओकडे वळवली गेली. ज्यांनी 20 फेब्रुवारीला मिंट 17.3 ची सिनॅमन आवृत्ती डाउनलोड केली त्यांना ती फाइल मिळाली असण्याची शक्यता होती. मिंटच्या लोकांनी लगेच जाहीर करून अस्सल फाइलींच्या ओळखीच्या ओळी छापल्या, आणि ताडून बघणाऱ्यांना आपली फाइल कुठली ते कळलं. साइटच हॅक झाली तर तिथली ओळही बदललेली असू शकते, म्हणून महत्त्वाच्या फाइलीसाठी ती ओळ दुसऱ्या ठिकाणीही बघावी.

विंडोज 10 आणि 11 मध्ये माउंट करून सॉफ्टवेअर टाकणं

1. आयएसओ फाइल कॉम्प्युटरच्या आतल्या हार्ड डिस्कवर आणा, डाउनलोड्समध्ये किंवा डेस्कटॉपवर. पेनड्राइव्हवरून थेट उघडू नका. मध्येच पेनड्राइव्ह हलला की इन्स्टॉलेशन अर्ध्यात अडकतं.

2. फाइलवर राइट क्लिक करून 'माउंट' निवडा. डबल क्लिकनेही तेच होतं. फाइल इंटरनेटवरून आलेली असेल तर विंडोज एकदा विचारतं की नक्की उघडायची का. मूळ साइटवरून घेतलेली आणि तपासलेली असेल तर हो म्हणा.

3. 'धिस पीसी' उघडलं की एक नवीन डीव्हीडी ड्राइव्ह दिसेल, डी, ई किंवा एफ अशा अक्षराचा. लॅपटॉपला ड्राइव्ह नसताना तो कुठून आला म्हणून गोंधळू नका. तो कागदोपत्री ड्राइव्ह आहे, म्हणजे खरा नसून विंडोजने मानलेला.

4. तो उघडा. आत 'सेटअप' नावाची फाइल असते, कधी 'इन्स्टॉल' असते. ऑफिससारख्या पॅकेजमध्ये 'ऑफिस' नावाच्या फोल्डरशेजारी सेटअप असतं. बऱ्याच फोल्डरांच्या गर्दीत कुठली फाइल चालवायची ते कळत नसेल तर 'ऑटोरन' नावाची छोटी माहितीची फाइल नोटपॅडमध्ये उघडा. त्यात 'ओपन' या शब्दापुढे लिहिलेलं नाव हीच चालवायची फाइल. 'रीडमी' असेल तर ती जरूर वाचा, सीरियल नंबर कुठे टाकायचा ते बऱ्याचदा तिथेच असतं.

5. सेटअपवर डबल क्लिक करा. विंडोज परवानगीची खिडकी दाखवेल. 'येस' दाबायच्या आधी त्यात 'व्हेरिफाइड पब्लिशर' समोर काय लिहिलंय ते वाचा. मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरसमोर मायक्रोसॉफ्ट दिसलं पाहिजे. 'अननोन' दिसलं तर थोडं थांबा. छोट्या किंवा जुन्या सॉफ्टवेअरला सही नसते हे खरं, पण मोठ्या कंपनीच्या नावाखाली 'अननोन' दिसलं तर ते सॉफ्टवेअर टाकू नका.

6. पुढे 'नेक्स्ट, नेक्स्ट' करताना 'कस्टम' पर्याय असेल तर तोच घ्या, म्हणजे सोबत नको असलेलं काही येत असेल तर ते वगळता येतं.

7. सगळं झाल्यावर त्या कागदोपत्री ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'इजेक्ट' करा. आयएसओ माउंट असेपर्यंत ती फाइल डिलीट होत नाही, हलवताही येत नाही, विंडोज सांगतं की फाइल वापरात आहे. लॅपटॉप रीस्टार्ट केला की माउंट आपोआप निघून जातं. काही जुन्या सॉफ्टवेअरना चालताना मूळ डिस्क लागते, त्यांच्यासाठी प्रत्येक वेळी परत माउंट करावं लागेल.

माउंट केलेल्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. सेटअप त्याच फोल्डरमध्ये काही तात्पुरतं लिहू पाहत असेल आणि अडत असेल तर 7-झिपने आयएसओ सरळ एका फोल्डरमध्ये 'एक्स्ट्रॅक्ट' करा आणि तिथून सेटअप चालवा. नेहमी मात्र माउंट बरं, कारण जागा दुप्पट लागत नाही आणि वेळही जात नाही.

अडलं तर

राइट क्लिक केल्यावर 'माउंट' दिसतच नसेल तर कारण बहुधा एकच असतं: विनरार किंवा 7-झिपसारख्या सॉफ्टवेअरने आयएसओ फाइली स्वतःच्या नावावर करून घेतल्या आहेत. राइट क्लिक, 'ओपन विथ', त्यात 'विंडोज एक्सप्लोरर' निवडा. कायमचं करायचं असेल तर 'चूज अनदर अॅप' मधून तोच निवडून 'ऑलवेज' दाबा.

'फाइल एनटीएफएस व्हॉल्यूमवर आहे आणि कॉम्प्रेस केलेली नाही याची खात्री करा' अशा अर्थाचा संदेश आला तर आयएसओ दुसऱ्या साध्या फोल्डरमध्ये कॉपी करून बघा. तिथे माउंट झाली तर प्रश्न जागेचा होता. नाही झाली तर डाउनलोड अर्धवट आहे. एसएचए ओळ ताडा आणि गरज पडली तर परत डाउनलोड करा.

सेटअप चालवताच 'हे अॅप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही' असं आलं तर बहुतेक वेळा सॉफ्टवेअर फार जुनं आहे. विंडोज 95 च्या काळातल्या अनेक सीडींवर इन्स्टॉलर 16-बिटचा, म्हणजे फार जुन्या पद्धतीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेला, असे आणि 64-बिट विंडोज तो चालवतच नाही. विंडोज 11 फक्त 64-बिटमध्येच येतं, त्यामुळे तिथे पर्याय उरत नाही. अशा सॉफ्टवेअरसाठी पुढे व्हर्च्युअलबॉक्सचा मार्ग सांगितला आहे.

दोन-तीन डिस्कचं सॉफ्टवेअर मध्येच 'डिस्क 2 घाला' म्हणून थांबतं. दुसरी आयएसओ माउंट केली की तिला नवीन अक्षर मिळतं आणि सेटअप मात्र पहिल्याच अक्षराकडे बघत बसतं. 'ब्राउझ' बटण असेल तर तिथून नवीन ड्राइव्ह दाखवा. नसेल तर सगळ्या आयएसओ एकाच फोल्डरमध्ये एक्स्ट्रॅक्ट करून तिथून सेटअप सुरू करा, बहुतेक वेळा काम होतं.

विंडोज 7 आणि बाकीच्या विचित्र फाइली

विंडोज 7 वर चालणारे कॉम्प्युटर अजून छोट्या ऑफिसांमध्ये दिसतात, खासकरून जुना प्रिंटर किंवा डोंगलवाला (पोर्टला लावलेल्या किल्लीसारख्या छोट्या तुकड्याशिवाय न चालणारा) प्रोग्रॅम अडकला असेल तर. तिथे माउंटची सोय नाही. विनसीडीइम्यू हे मोफत आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर टाका, मग डबल क्लिकने काम होतं.

हेच सॉफ्टवेअर नव्या विंडोजवरही एका कामाला येतं. कधी एका फोल्डरमध्ये दोन फाइली असतात, एक मोठी बिन आणि एक अगदी छोटी क्यू. ही सीडीचीच इमेज आहे. सीडीवर डेटाबरोबर गाण्यांचे ट्रॅक असतील तर आयएसओत ते मावत नाहीत, म्हणून ही जोडी करतात. मोठ्या फाइलीत माल असतो आणि छोटीत कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो त्याची यादी. त्यामुळे उघडायची ती छोटी, क्यू. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये असायला हव्यात आणि मोठीचं नाव बदलू नका, कारण यादीत जुनंच नाव लिहिलेलं असतं. एनआरजी आणि एमडीएस-एमडीएफ या डिस्क इमेजच्या इतर प्रकारच्या फाइलीही विनसीडीइम्यूने उघडतात.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर डीएमजी डबल क्लिक करा, खिडकीत अॅपचं चित्र आणि 'अॅप्लिकेशन्स' फोल्डर दिसेल. चित्र ओढून फोल्डरवर टाका, मग डेस्कटॉपवरची ती डिस्क इजेक्ट करा. नवखी मंडळी बरेचदा अॅप डीएमजीच्या खिडकीतूनच चालवत राहतात, मग रीस्टार्ट केल्यावर अॅप गायब झालं म्हणतात. अॅपलने ओळखलेलं नसलेलं अॅप अडवलं गेलं तर 'सिस्टिम सेटिंग्ज' मध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' खाली 'ओपन एनीवे' मिळतं. सिकोइया या 2024 च्या आवृत्तीपासून राइट क्लिक करून टाळण्याचा जुना मार्ग बंद झाला आहे. आयएसओही मॅकवर उघडते, पण आतलं विंडोजचं सेटअप मॅक चालवणार नाही.

उबुंटूमध्ये आयएसओवर राइट क्लिक करून 'डिस्क इमेज माउंटर' ने उघडा, एवढंच.

विंडोज किंवा लिनक्सचा बूट पेनड्राइव्ह

विंडोज 10 चा नेहमीचा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हापासून मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत 'विंडोज मारून द्या' म्हणत येणाऱ्यांना तोटा नाही. हे काम घरी करता येतं. पण पेनड्राइव्ह आणि लॅपटॉप दोन्ही पुसले जाण्याची शक्यता असते, म्हणून आधी फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून कागदावर लिहून ठेवा. ती नसेल आणि लॅपटॉपने मागितली तर डेटा गेलाच समजा.

विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (हार्डवेअरमधली सुरक्षेची एक सोय) लागतं. जुन्या लॅपटॉपमध्ये ते नसेल तर उगाच झटापट न करता लिनक्स मिंट टाकून बघणं जास्त शहाणपणाचं, असं माझं मत आहे. ब्राउझर, व्हिडिओ, पत्रलेखन एवढ्या वापराला जुना लॅपटॉप त्यावर नव्याने चालू लागतो.

पेनड्राइव्ह बनवायला रूफस नावाचं मोफत सॉफ्टवेअर सगळ्यात सरळ. 8 जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह लावा, रूफस उघडा, वर 'डिव्हाइस' मध्ये तुमचाच पेनड्राइव्ह निवडला आहे ना हे दोनदा बघा. बाजूला बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली असेल तर आधी ती काढा. मग 'सिलेक्ट' मधून आयएसओ दाखवा, बाकीचे पर्याय जसे येतील तसे ठेवा आणि 'स्टार्ट' दाबा. नंतर लॅपटॉप बंद करून पेनड्राइव्हसह सुरू करताना बूट मेन्यूची की दाबत राहा: डेल आणि लेनोवोवर बहुतेक एफ12, एचपीवर एफ9, असूसवर एस्केप. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की इन्स्टॉलर सुरू होतो.

एकाच पेनड्राइव्हवर अनेक आयएसओ ठेवायच्या असतील तर व्हेंटॉय बघा. ते एकदा पेनड्राइव्हवर टाकलं की पुढे आयएसओ नुसत्या कॉपी करायच्या, सुरू करताना यादी मिळते. लॅबमध्ये काम करणाऱ्यांना हे फार उपयोगी पडतं.

लॅपटॉपला धक्का न लावता: व्हर्च्युअलबॉक्स

कॉलेजच्या प्रॅक्टिकलला उबुंटू हवं आहे आणि घरचा एकच लॅपटॉप सगळे वापरतात, अशा घरांसाठी हा मार्ग उत्तम. व्हर्च्युअलबॉक्स विंडोजच्या आत एक वेगळा कॉम्प्युटर उभा करतं. 'न्यू' दाबून आयएसओ दाखवा, उबुंटूसाठी 4 जीबी रॅम आणि 25 जीबी डिस्क द्या. म्हणजे लॅपटॉपला किमान 8 जीबी रॅम असावी. 'व्हर्च्युअलायझेशन' बंद असल्याची तक्रार आली तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन ते चालू करावं लागतं. इन्स्टॉल झाल्यावर सेटिंग्जमधल्या 'स्टोरेज' मधून आयएसओ काढून टाका, नाहीतर पुढच्या वेळी परत इन्स्टॉलरच सुरू होईल.

लिनक्समध्ये पुढे काय करायचं ते मराठीतून शिकायचं असेल तर पवईच्या आयआयटीचा स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्प आहे. त्यांचे कित्येक धडे मराठी आवाजात मोफत उपलब्ध आहेत. शांत गतीने, शेजारी बसून सांगितल्यासारखे.

जुनी 16-बिट सॉफ्टवेअरंही व्हर्च्युअलबॉक्समध्ये, तुमच्याकडे परवाना असलेल्या जुन्या 32-बिट विंडोजवर चालवता येतात.

ईमेलमधून आलेली आयएसओ

बिल, कुरिअरची पावती, बँकेचं स्टेटमेंट, नोकरीचं पत्र यातलं काहीही आयएसओमधून येत नाही. तरी अशा ईमेल येतात, आणि त्यामागे कारण होतं. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीवर विंडोज एक अदृश्य खूण लावतं आणि त्या खुणेमुळे उघडताना सावध करतं. पूर्वी आयएसओवर खूण लागे, पण आतल्या फाइलींना ती मिळत नसे, त्यामुळे आतला व्हायरस इशारा न देता चालत असे. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर 2022 च्या अपडेटमध्ये ही पळवाट बुजवली. ज्याचा विंडोज अपडेट वर्षानुवर्षं बंद आहे त्याच्यासाठी ती उघडीच आहे. घरातल्या ज्येष्ठांच्या कॉम्प्युटरवर अपडेट चालू आहे का ते आजच बघा. चुकून अशी फाइल उघडली आणि खात्यातून पैसे गेले तर वेळ न घालवता बँकेला आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवा.

घरातल्या जुन्या सीडींची आयएसओ करून ठेवा

हे काम कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. 2000 च्या दशकात कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर सीडी-डीव्हीडी मिळत. केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने 2005 पासून भारतीय भाषांच्या फाँट आणि टूल्सच्या मोफत सीडी काढल्या. गिरगाव-दादरच्या छोट्या छपाईवाल्यांनी डीटीपीची पॅकेजं पैसे साठवून घेतली. या डिस्क कपाटात पडून आहेत, आणि मुंबईच्या पावसाळी दमट हवेत त्यांच्यावर बुरशी धरते. एकदा थर खराब झाला की आतलं मराठी काम परत मिळत नाही. स्वतः कायदेशीर घेतलेल्या सॉफ्टवेअरची नुकसानीपासून बचाव म्हणून प्रत ठेवायला 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 मुभा देतं. ती प्रत वाटायला मात्र नाही.

बाहेरून जोडायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो, ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की चालत. विकत घ्यायचा नसेल तर इमारतीत कुणाकडे तरी असतोच. डिस्क मऊ सुती कपड्याने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. विंडोजमध्ये आयएसओ बनवायची सोय नाही. इमबर्न (ImgBurn) या मोफत सॉफ्टवेअरमधला 'क्रिएट इमेज फाइल फ्रॉम डिस्क' हा पर्याय वापरा. उबुंटूत 'डिस्क्स' नावाचं अॅप आधीपासूनच असतं, त्यात 'क्रिएट डिस्क इमेज'. मॅकच्या डिस्क युटिलिटीत 'डीव्हीडी/सीडी मास्टर' निवडलं की सीडीआर फाइल मिळते, तिच्या नावाचा शेवट आयएसओ केला की बाकी ठिकाणी उघडते. वाचताना डिस्क अडखळली तर लगेच रद्द करू नका, तासभर लागू द्या. दुसऱ्या ड्राइव्हवर तीच डिस्क कधी कधी सुरळीत वाचली जाते.

एक मर्यादा लक्षात ठेवा. श्रीलिपीसारख्या मराठी टायपिंगच्या काही पॅकेजांच्या जुन्या आवृत्त्या यूएसबी किंवा प्रिंटर पोर्टच्या डोंगलशिवाय चालत नाहीत, आणि सीडीची इमेज काढली तरी डोंगल लागतंच. तेव्हा तो छोटा तुकडा फेकू नका, आयएसओच्या नावातच 'डोंगल कपाटात' असं लिहून ठेवा. सीडीच्या कव्हरवर छापलेला सीरियल नंबर फोनने फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका, आणि सगळा फोल्डर दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक शक्यतो दुसऱ्या घरी.